मायच्या हाताचं माप

मायचा डावा हात सरासरी बारा अंशांनी चुकतो, हे मी अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी मोजलं. साल त्र्याण्णव. नाना, माझे वडील, जाऊन तीन महिने झाले होते.

मी धुळ्याला एका कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. त्या सुमारास मी साठीच्या वरच्या माणसांचे हात मोजत होते. डोळे मिटले तरी आपला हात कुठे आहे हे आपल्याला कळतं. स्नायू, सांधे आणि ताणली जाणारी कातडी ते मेंदूला कळवत असतात. वय वाढलं की ही बातमी पुसट होत जाते. ती किती पुसट होते ते मोजायला मी झुलाल मिस्त्रीकडून सागवानाच्या दोन फळ्या करून घेतल्या होत्या. फळ्यांना बिजागरी आणि बाजूला शाळेतले कोनमापक. माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, दोन्ही हात कोपरापासून पुढे एकेका फळीवर ठेवायचे. एक फळी मी उचलायची, दुसरा हात त्याने तितकाच उचलायचा. दोन्ही कोनांतला फरक वहीत लिहायचा. ब्याण्णवच्या दिवाळीपर्यंत माझ्याकडे एकेचाळीस जणांचे आकडे होते. सरासरी चूक सात अंश.

दिवाळीत फळ्या घेऊन मी रावेरजवळच्या आमच्या गावी गेले होते. तेव्हा नाना होते. त्यांची चूक नऊ अंश आली.

"पास व्हायले किती लागते?" त्यांनी विचारलं.

"यात पास-नापास नसतं, नाना."

"म्हंजे नापास झालो. सांग तुह्या मायले, खूश होईल."

मायची चूक चार अंश आली. एकेचाळीस जणांत इतकी कमी कोणाचीच नव्हती. मोजण्याआधी मी सगळ्यांना हातातलं घड्याळ, बांगड्या, कडं काढून ठेवायला सांगत असे. माय ऐकेना.

"नवरा समोर बसला हाये आन् तू मले हात रिकामा करायले सांगते?"

"राहू दे व," नाना म्हणाले. "तुह्या अभ्यासापायी मले मारशील."

मी वहीत तिच्या आकड्यासमोर लिहिलं, 'बांगड्या काढल्या नाहीत.' आणि पान उलटलं.

नाना जानेवारीत गेले. केळीच्या बागेत पंप चालू करायला वाकले आणि तिथेच पडले. कॉलेजात फोन आला तेव्हा माझा तास चालू होता. शिपाई दारात उभा राहिला, मी हातानेच त्याला थांबायला सांगितलं, मूत्रपिंडाची आकृती पूर्ण केली आणि मग बाहेर आले. पुढे घरी पोहोचेपर्यंत दोन बस बदलल्या. त्या प्रवासातलं मला फक्त तिकिटाचा रंग आठवतो. गुलाबी. मी पोहोचले तेव्हा नानांना नेऊन झालं होतं आणि मायचे हात रिकामे होते. कोपरापासून मनगटापर्यंतची तिची कातडी मी जन्मात पहिल्यांदा सलग पाहिली. दिवस झाल्यावर परत आले, दुसऱ्या दिवशी तास घेतला. रडू आलं नाही. येईल असं वाटत होतं, पण आलं नाही.

फेब्रुवारीत वहिनीने कळवलं की मायकडून पाण्याचा पेला दातांवर आपटतो. मार्चमध्ये डाव्या हाताचं कोपर चौकटीला लागून सोललं. लीलाधरभाऊ, माझा मोठा भाऊ, तिला जळगावला डॉक्टरकडे घेऊन गेला. अर्धांग नाही, साखर नाही, बोलणं साफ, पकड घट्ट. डॉक्टर म्हणाले, वय झालं आणि धक्का बसला. सगळ्यांना ते पटलं. मलाही.

अखाजीच्या आठवडाभर आधी वहिनी बागेत गेलेली असताना मायने चूल पेटवली, खापर चढवलं आणि एक मांडा करून पाहिला.

आमच्याकडे अखाजीला मांडे होतात. पुरण भरलेली मऊ कणीक लाटत नाहीत. ती दोन्ही हातांवर घेऊन, या हातावरून त्या हातावर झुलवत कोपरापर्यंत पसरवत नेतात. अंगावरच्या टॉवेलएवढी झाली की चुलीवर उपड्या ठेवलेल्या मातीच्या खापरावर टाकतात. करणारीची नजर खापरावर असते. हातांकडे पाहायला वेळ नसतो. एक हात दोन बोटं खाली राहिला तरी मांडा त्या बाजूला ओघळतो आणि फाटतो. माझी माय, बेबाबाई, धरणगावपासून रावेरपर्यंतच्या नात्यागोत्यातल्या लग्नांत मांड्यांना बोलावली जायची. त्या दिवशी तिचा मांडा फाटला, आणि डावा हात कडेला आहे असं समजून तिने तो खापरावरच टेकवला.

भाऊने तिला चुलीपाशी जायला बंदी केली. घरातल्या काडेपेट्या वहिनीच्या ताब्यात गेल्या. आणि मला कॉलेजात फोन आला.

"ये, आन् येताना तुह्या फळ्या आन," भाऊ म्हणाला. "माय ऐकत नही."

मी पोहोचले तेव्हा ओसरीवर धुरपदाबाई बसल्या होत्या. गावात मायच्या खालोखाल मांडे त्यांचे. माय भिंतीला टेकून होती, डाव्या हाताला फडकं गुंडाळलेलं.

"आता माळ घ्या हातात, बेबाबाई," धुरपदाबाई म्हणत होत्या. "मांडे सोडा आमच्यावर. तुमचा मांडा चादरीएवढा, बठ्ठ्या गावाले माहीत हाये. पन आता फाटली ना चादर?"

"तुहा मांडा रुमालाएवढा," माय म्हणाली. "त्याले फाटायले तरी जागा कुठी हाये?"

धुरपदाबाई हसल्या. माय हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आली? हातपाय धू."

भाऊने मला आत बोलावून सगळं समजावलं. उद्या नानांची पहिली घागर. पूर्वजांसाठी पाण्याने भरलेली घागर मांडायची, निखाऱ्यावर तूप आणि मांड्याचा तुकडा टाकून आगारी द्यायची. आमच्या घरात पहिल्या घागरीचा मांडा गेलेल्याच्या बायकोच्या हातचा लागतो. माय तेच धरून बसली होती.

"ती म्हनते मी करीन. नही करू दिला तर पुन्हा चुलीजवळ येनार नही, असंही म्हनते. आन् करू दिला आन् पदर पेटला, तर? मी कोनाले तोंड दाखवू?" तो थांबला. "तू मोज. तुह्याजवळ बाकीच्या म्हाताऱ्यांचे आकडे हायेत ना? त्याहीच्यासारखा आला तर करू दे. नही तर मी धुरपदाबाईले सांगतो. तू सांगितलेलं ती ऐकीन."

मी बरं म्हटलं. तो हिशेब मला सोपा वाटला, कारण त्यात मला काही ठरवायचं नव्हतं.

दुपारी मधल्या खोलीत फळ्या मांडल्या. मायच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. भाजलेल्या जागेला फळी लागू नये म्हणून खाली कापूस ठेवला. उजवा हात मी उचलायचे, डाव्याने ती जुळवायची. भाऊ दाराला टेकून पाहत होता. चाळीस अंशांना तिने सत्तावीस केले. साठला एकोणपन्नास. प्रत्येक वेळी डावा हात खाली राहायचा आणि तिच्या चेहऱ्यावर हात बरोबर पोहोचल्याचं समाधान दिसायचं. दहा मापं झाली. मी बेरीज केली, दहाने भागलं.

"बारा," मी म्हटलं.

"बाकीच्याहीचा सात ना?" भाऊने विचारलं.

"सात."

"मंग झालं." तो चपला घालून धुरपदाबाईंकडे गेला.

खोटा आकडा सांगता आला असता. ते मला नंतर सुचलं. त्या वेळी सुचलं नाही.

मायच्या डोळ्यांवर अजून पट्टी होती. हात फळ्यांवर तसेच.

"तुह्या बापाचे किती होते?"

"नऊ."

"त्याहीच्यापेक्षा वाईट," ती म्हणाली.

मी पट्टी सोडणार होते. पण डाव्या फळीची बिजागरी सैल लागली होती, आणि ती मोजतानाही सैल असली तर आकडे फुकट. म्हणून आणखी पाच मापं घ्यायचं ठरवलं. या वेळी फळी डुगडुगू नये म्हणून मी एका हाताने तिच्या कोपराखाली फळीसकट हात धरून ठेवला. आकडे आले पाच, चार, सहा, तीन, पाच.

मला वाटलं, बिजागरीच दोषी. स्क्रू आवळला, हात काढून घेतला, पुन्हा मोजलं. अकरा. तेरा. परत धरलं. पाच.

मग मला वाटलं की मीच नकळत तिचा हात वर नेत असेन. मी वहिनीला हाक मारली. पुष्पावहिनी हाताचं पीठ पुसत आली.

"वहिनी, कोन तुम्ही वाचायचा. मी डोळे मिटते. उजवी फळीही तुम्हीच उचला, किती ते मला सांगू नका."

"मले नही येत बाई तुमचं ते."

"रेघेवरचा आकडा वाचायचा फक्त."

मी मायच्या कोपराखाली, जिथून हात निमुळता व्हायला लागतो तिथे, अंगठा आणि बोटांचं सैल कडं केलं आणि डोळे मिटले. वहिनीने दहा वेळा आकडे वाचले. सरासरी पाच. बोटं काढली की बारा. पुन्हा घातली की पाच.

एका माणसाच्या मापावरून काही सिद्ध होत नाही, हे मी विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगते. पण चारावरून बारावर जायला सहा महिन्यांचं वय पुरत नाही. दिवाळीनंतर त्या हाताचं काय बदललं होतं, ते माझ्याच वहीत मागच्या पानांवर लिहिलेलं होतं.

मी मायची पट्टी सोडली. "माय, तुझ्या बांगड्या इथपर्यंत यायच्या का?"

"मांड्याले बसलं की वर सारून घ्यायची. घट्ट बसायच्या." तिने उजव्या हाताने डाव्या कोपराखालची जागा दाखवली. ती जागा शोधायला तिला खाली पाहावं लागलं. "अठ्ठेचाळीस वर्सं. त्या असल्या की हात कुठी हाये ते पाहाव नही लागे. निघाल्या त्या दिवसापासून हा हात कोनाचा हाये तेच समजत नही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? नवरा गेला, मले बांगड्या द्या म्हनू?"

मी फळीवरचा कापूस गोळा केला.

"सोन्याच्या पाटल्या आहेत ना," मी म्हटलं. "त्या चढव."

"वर्स व्हाव लागते. वर्सभर हात रिकामा."

"सायकलच्या ट्यूबचं कडं कापून देते. ब्लाउजच्या बाहीखाली दिसणार नाही."

"दिसनार नही ते लोकाहीले. मले दिसीन ना. त्याहीच्या घागरीचा मांडा मी रबर बांधून करू?" मग माझ्या हाताकडे पाहून म्हणाली, "तुही बोटं चालतीन."

भाऊ परत आला तो धुरपदाबाईंना सांगूनच. मी त्याला वही दाखवली. "मघाचा बारा आकडा खरा आहे. मी कोपरापाशी धरलं की पाच. तोही खरा आहे. वहिनींनी वाचलाय."

त्याने वहिनीकडे पाहिलं. तिने मान हलवली.

"आन् तू जनमभर धरून बसशील का?" तो म्हणाला. "परवाच्या गाडीनं जाशील धुळ्याले. मंग?"

"उद्याचं तर धरते," मी म्हटलं.

त्याने वही मिटली. त्यातलं त्याला काही वाचायचं नव्हतं. "एक," तो म्हणाला. "घागरीचा एक मांडा. फाटला तर उठायचं. बाकीचे धुरपदाबाई करतीन. आन् पुन्हा चुलीचं नाव काढायचं नही."

"बरं," माय आतून म्हणाली.

सकाळी परसात चूल पेटली. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांचा, जाळ भडकतो लवकर आणि विझतोही लवकर, म्हणून वहिनी सतत लावत होती. धुरपदाबाई कणकेची परात घेऊन बाजूला बसल्या होत्या, आपली पाळी येणारच अशा बेताने. माय पाटावर बसली. मी तिच्या मागे गुडघ्यांवर. दोन्ही बाजूंनी हात पुढे नेऊन मी तिच्या दोन्ही कोपरांखाली बोटं घातली. माझं तोंड तिच्या पाठीशी. मला खापर दिसत नव्हतं, मांडा दिसत नव्हता. लुगड्याचा काठ दिसत होता आणि धूर.

"हे काय करू राहिल्या मायलेकी?" धुरपदाबाई म्हणाल्या. "मांडा का फुगडी?"

"तू कनिक दे," माय म्हणाली. मग मला, "एवढं घट्ट नको. बांगडी धरते का कोनाले? नुसती असते."

मी बोटं सैल केली.

मला जे कळलं ते बोटांमधूनच. आधी दोन्ही कोपरं जवळ आली, मग दूर गेली. डावं खाली गेलं, थांबलं आणि आपणहून वर आलं. मी काही केलं नव्हतं. उजवं वळलं की डावं त्याच्या मागे वळायचं, आधी उशिरा, मग बरोबर. कातडी माझ्या बोटांखाली सरकत होती, आत दोन हाडं एकमेकांवरून फिरत होती. हे सगळं मी कॉलेजात आकृती काढून शिकवते. हे नानांसाठी चाललं आहे, आता तरी काही वाटायला हवं, असं मनात आलं. वाटलं नाही. गुडघ्याला एक खडा टोचत होता तेवढा कळत होता.

मग दोन्ही कोपरं एकदम पुढे गेली, माझी बोटं सुटता सुटता राहिली, आणि खापरावर चर्र असा आवाज झाला.

धुरपदाबाई वाकून खापराभोवती बघत होत्या. एक बाजू, मग दुसरी.

"डाव्या अंगाले जाड हाये," त्या म्हणाल्या.

"फाटला का?" मायने विचारलं.

"फाटला नही."

"मंग जाड खातीन ते. त्याहीले दात होते."

मायने मांडा उचलला, घडी घातली. भाऊ ताट घेऊन आला, मांडा घेऊन घागरीकडे गेला. आतून तुपाचा वास आला. माय पाटावरून उठली नाही. भाऊने एकच म्हटलं होतं, पण तिने परातीकडे हात केला. धुरपदाबाईंनी दाराकडे पाहिलं, दारात कोणी नव्हतं. त्यांनी गोळा दिला.

दुसराही निघाला. मी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर भार टाकला ते तिला पाठीमागून कळलं असावं.

"पुष्पा, तू बस इथी," ती म्हणाली. "हिले जायचं हाये."

वहिनी चुलीपाशी फुकणी घेऊन थांबली. "मले नही जमनार, बाई."

"त्यात काय जमायचं हाये? हात धरायचा आन् गप बसायचं."

"गप बसनंच तर कठीन हाये तिले," धुरपदाबाई म्हणाल्या.

"तुमी कनिक द्या ना, मावशी," वहिनी फणकारली आणि येऊन माझ्या जागी बसली. मी उठले. पायांना मुंग्या आल्या होत्या, भिंतीला धरून उभी राहिले. वहिनीने मायची कोपरं दोन्ही मुठींनी आवळली, बाजारात हात सुटू नये म्हणून धरतात तशी.

"मले अटक केली का?" माय म्हणाली. "सोड जराशी."

"मंग सरकतीन ना बोटं."

"सरकू दे. सरकली की मले समजते."

तिसरा मांडा अर्ध्यावर आला आणि डावीकडून उभा फाटला. पुरण मायच्या मनगटावर सांडलं. वहिनीने हात काढून घेतले.

भाऊ दारात उभा होता, रिकामं ताट हातात. केव्हापासून ते मला माहीत नाही. त्याने फाटलेला मांडा पाहिला. मायने त्याच्याकडे पाहिलं नाही, ती मनगटावरचं पुरण बोटाने निपटून परातीत टाकत होती. मग तो ताट उंबऱ्यावर ठेवून गोठ्याकडे गेला, पऱ्हाट्यांची एक मोळी उचलून आणली, चुलीच्या बाजूला टाकली आणि बाहेर पडला.

"हं," माय वहिनीला म्हणाली. "धर."